झटक्यापूर्वीची निद्रा

'शॉक' हा शब्द आपल्या घरांतून इतक्या दबक्या आवाजात उच्चारला जातो की, तो निघण्यापूर्वी मुलांना बाहेर खेळावयास पाठविण्यात येते. क्षयाचे नाव लोक केव्हाच मोकळेपणाने घेऊ लागले, कर्करोगाचेही आता घेतात. पण घरातील एखाद्या माणसास मानसिक आजारासाठी विजेचा उपचार द्यावा लागला ही गोष्ट सोयरिकीच्या वेळी तर सोडाच, चुलत-मावस भावंडांतही बोलली जात नाही. परिणाम असा की, ह्या उपचाराविषयीचे आपले सारे ज्ञान चित्रपटांतून आलेले असते. १९७५ साली निघालेल्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट' ह्या अमेरिकन चित्रपटात नायकाला टेबलावर निजवून, हातपाय धरून, तो पूर्ण शुद्धीवर असताना झटका देतात, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांच्या मनातून ते जात नाही. आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी त्याच्या देशी आवृत्त्या पाहिलेल्या असतात.

आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी एक हैदराबादेहून आहे. पत्रलेखिकेच्या सासूबाई ६६ वर्षांच्या. गेले तीन महिने त्या बोलेनाशा झाल्या. मग जेवण तुटले. आता पाणीही चमच्याने भरवावे लागते आणि तेही अर्धे ओघळून जाते. औषधांचा दोनदा पालट झाला, गुण नाही. डॉक्टरांनी विजेचा उपचार सुचविला आहे. मुलगा तयार आहे; परंतु नणंदबाईंनी 'आईला शॉक देऊन मारायची आहे काय' असे विचारून घर हादरवून सोडले आहे. सासूबाईंना रक्तदाब आहे, वरची कवळी आहे. सूनबाईंनी तीन प्रश्न विचारले आहेत: त्यांना दुखेल का, त्यांचे हृदय हे सोसेल का, आणि आठवड्यातून तीनदा भूल दिली तर ती अंगात साठून राहणार नाही का?

उपचार घ्यावा की न घ्यावा हे पत्रावरून सांगणे आमच्या अधिकाराबाहेरचे आहे. ते रुग्णास प्रत्यक्ष पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाचे काम. परंतु तिन्ही प्रश्न वस्तुतः भुलेविषयीचे आहेत, आणि त्या अंगाविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आजचे हे सदर आम्ही त्यालाच वाहिले आहे.

प्रथम थोडा इतिहास, कारण भीतीचे मूळ तेथे आहे. १९३४ साली बुडापेस्ट येथे लादिस्लास मेडुना ह्या डॉक्टरांनी कापूर टोचून मनोरुग्णांत मुद्दाम आकडी आणण्याचा प्रयोग केला. अपस्मार आणि बुद्धिभ्रंश ही परस्परांची वैरी असतात अशी त्यांची समजूत होती. समजूत पुढे टिकली नाही, पण काही रुग्णांना गुण आला हे खरे. कापरानंतर कार्डियाझोल नावाचे औषध आले. ते शिरेत गेल्यापासून आकडी येईपर्यंत जे काही क्षण जात त्यांत रुग्ण जागा असे आणि आता आपण मरणार अशी विलक्षण धास्ती त्याला ग्रासून टाकी. एकदा तो अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्यांदा सुई पाहून पळ काढी. म्हणून १९३८ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी ह्यांनी औषधाच्या जागी वीज योजली, तेव्हा ती सुधारणा मानली गेली. आज हे वाचताना विचित्र वाटेल, परंतु विजेने पूर्ण आकडी आली की शुद्ध तत्क्षणी हरपते, धास्तीला अवसरच राहत नाही, हा तिचा मोठा गुण होता.

मात्र 'पूर्ण आकडी आली की' ह्या शब्दांवर वाचकांनी थोडे थांबावे. रोममधील तो पहिला रुग्ण रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या अवस्थेत सापडलेला मनुष्य होता. त्यास दिलेला पहिला झटका कमी पडला, आकडी आली नाही, आणि त्या माणसाने जागेपणीच दुसऱ्या झटक्याला विरोध केला, असे खुद्द चेर्लेत्तींनी पुढे लिहून ठेवले आहे. तेथे भूल नव्हती. ती असती तर हा प्रसंगच उद्भवला नसता.

दुसरे संकट हाडांचे. आकडीत शरीरातील सगळे स्नायू एकदम आवळतात. त्या जोराने पाठीचे मणके दबून मोडत, कधी मांडीचे हाड, कधी खांदा निखळे. ह्यावरचा उपाय दक्षिण अमेरिकेतील जंगलांतून आला. तेथील आदिवासी बाणाच्या टोकास कुरारे नावाचे विष लावीत. त्याने शिकारीचे स्नायू ढिले पडत. १९४० साली अमेरिकेतील ए. ई. बेनेट ह्यांनी हे कुरारे मोजून-मापून मनोरुग्णांस दिले आणि आकडीचा जोर मोडून काढला. मौज अशी की, शस्त्रक्रियेच्या टेबलावर कुरारेचा पाय रीतसर रोवला गेला तो त्यानंतर, १९४२ मध्ये कॅनडात. म्हणजे आज पोटाच्या किंवा छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियांत स्नायू शिथिल करण्याची जी पद्धत सर्वमान्य आहे, तिचा एक आरंभ वेड्यांच्या इस्पितळात झाला. सर्जनमंडळी हे क्वचितच आठवतात. कुरारेचा अंमल फार वेळ टिके. पुढे १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत स्वीडनमध्ये सक्सिनिलकोलीन नावाचे अल्पजीवी औषध ह्या कामी वापरात आले, आणि ते आजतागायत आहे. एका मिनिटात चढते, चार-सहा मिनिटांत उतरते.

आता मुद्द्याचा प्रश्न. आकडीने शुद्ध जातेच, तर मग भूल कशासाठी? ह्याचे उत्तर पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसते. भूल दुखू नये म्हणून दिली जाते ही समजूत अर्धीच खरी आहे. खरे कारण हे की, स्नायू ढिले पाडणारे औषध मनुष्याला झोपवीत नाही. ते केवळ हालचाल आणि श्वास थांबविते. शुद्धीवरच्या माणसास ते दिले तर तो सर्व काही ऐकेल, जाणेल, परंतु पापणी हलवू शकणार नाही की श्वास घेऊ शकणार नाही. ह्याहून भयंकर अनुभव कल्पिता येणार नाही. म्हणून आधी निद्रा आणि मगच शिथिलीकरण, हा क्रम कधीही उलटत नाही. शिवाय झटका कमी पडून आकडी आली नाही, तरी रुग्णास त्याचा पत्ता नसतो. सूनबाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ह्यातच आले: हाताला सुई टोचल्याचे दुखेल, औषध शिरेतून जाताना थोडे झोंबेल, त्यापुढचे काही कळणार नाही.

खोलीत काय घडते ते क्रमाने सांगतो, कारण अज्ञाताचे भय ज्ञाताहून नेहमीच मोठे असते. रुग्ण साध्या खाटेवर निजलेला असतो. दंडाला रक्तदाबाची पट्टी, छातीवर हृदयाच्या आलेखाच्या चकत्या, बोटाला रक्तातील प्राणवायू मोजणारी चिमटी, कपाळावर मेंदूच्या आलेखाच्या चकत्या. हाताच्या शिरेत सुई बसवून ठेवलेली. मग तोंडावर मुखवटा धरून काही मिनिटे शुद्ध प्राणवायू देतात. पुढे श्वास थांबणार असल्याने रक्तात तो भरून ठेवणे हा शहाणपणाचा भाग. त्यानंतर झोपेचे औषध. आपल्याकडे बहुधा थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल. हाक मारली तरी ओ येत नाही, पापणीला स्पर्श केला तरी ती मिटत नाही, अशी खात्री झाली की एका पायाच्या घोट्यावर दुसरी रक्तदाबाची पट्टी घट्ट फुगवितात आणि मग शिथिल करणारे औषध सोडतात. ही युक्ती आम्हांस नेहमीच मोठी कौतुकास्पद वाटत आली आहे. पट्टीने रक्त अडविल्यामुळे ते औषध त्या एका पावलात पोचत नाही; सारे अंग निपचित असताना तेवढे एक पाऊल आकडीबरोबर थरथरते, आणि आकडी आली की नाही, किती सेकंद टिकली, हे डॉक्टर त्या पावलावरून मोजतात.

मग दातांमध्ये रबराचा जाड ठोकळा बसवितात. सर्व स्नायू ढिले पडले असता हा कशाला, असे कोणी विचारील. कानशिलावरून जाणारी वीज जबड्याच्या स्नायूंना थेट चेतविते, तेथे औषधाचे काही चालत नाही. दात कडकन आवळले जातात आणि जीभ वा ओठ मध्ये सापडू शकतो. (घरी कोणाला फेफरे आले असता तोंडात चमचा कोंबण्याची जी आपल्याकडे चाल आहे तिच्याशी ह्याचा संबंध जोडू नये. ती चाल घातक आहे. तेथे रुग्णास कुशीवर वळवावे आणि तोंडात काहीही घालू नये.) प्राणवायूचा मुखवटा क्षणभर बाजूला होतो, कारण ठिणगी आणि प्राणवायू एकत्र येणे बरे नव्हे. मग काही सेकंदांची वीज. बाहेरून पाहणाऱ्यास दिसते ते एवढेच: चेहरा थोडा आवळला जातो, ते पाऊल थरथरते, आणि बहुधा एक मिनिटाच्या आत सर्व शांत होते. ज्यांनी चित्रपटातील तांडव मनात धरलेले असते, त्यांस हे पाहून जवळजवळ फसविल्यासारखे वाटते. भूलतज्ज्ञ लगेच पुन्हा मुखवटा धरून पिशवी दाबीत श्वास चालू ठेवतो, तो रुग्णाचा स्वतःचा श्वास नीट सुरू होईपर्यंत. आकडी दोन मिनिटांच्या पुढे लांबली तर ती औषध देऊन थांबविण्याचे कामही त्याचेच.

ह्यात एक पेच आहे आणि भूलतज्ज्ञाचे कसब त्यातच पणास लागते. झोपेची बहुतेक औषधे आकडीला विरोध करतात. ती अधिक झाली तर आकडी अपुरी पडते, आणि अपुरी आकडी म्हणजे निष्फळ उपचार. ती कमी झाली तर शिथिल झालेला माणूस जागा राहण्याचा धोका. मनोविकारतज्ज्ञास चांगली आकडी हवी, भूलतज्ज्ञास निश्चिंत झोप हवी, आणि दोघांना मिळून एक अरुंद वाट काढावयाची असते. म्हणून प्रत्येक खेपेचा लेखी टिपणवहीत मांडतात: कोणते औषध किती दिले, आकडी किती सेकंद चालली, रक्तदाब कोठवर चढला, शुद्ध केव्हा आली. पुढच्या खेपेचा हिशेब त्यावरून ठरतो. उपचाराच्या मध्यावर इस्पितळ बदलण्याची पाळी आली तर ह्या टिपणाची नक्कल घेतल्यावाचून निघू नये.

हृदयाचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तेथे आम्ही खोटा दिलासा देणार नाही. वीज दिल्याबरोबर प्रथम नाडी मंदावते, कधी काही सेकंद थांबतेसुद्धा. आणि लगोलग आकडीबरोबर उलट घोडदौड सुरू होते, नाडी व रक्तदाब एकदम उसळी घेतात. काही मिनिटांत हे ओसरते. धडधाकट हृदयाला हा जिना चढण्याएवढा ताण. पण नुकताच झटका येऊन गेलेल्या हृदयाला, आवाक्यात नसलेल्या रक्तदाबाला, मेंदूत गाठ असून दाब वाढलेला असेल त्याला, किंवा मेंदूतील वा पोटातील रक्तवाहिनीचा फुगवटा असेल त्याला तो जड जाऊ शकतो. नाडी फार मंदावू नये म्हणून ॲट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट, दाब फार उसळू नये म्हणून एस्मोलॉल किंवा लॅबेटॅलॉल अशी औषधे हाताशी असतात. सासूबाईंसारख्या रक्तदाबाच्या रुग्णास सकाळची दाबाची गोळी पाण्याच्या एका घोटाबरोबर द्यावयास सांगतात, उपास आहे म्हणून ती चुकवायची नसते. मधुमेहाच्या गोळ्या व इन्शुलिन ह्यांचे मात्र उलट; ती उपाशीपोटी आपल्या मनाने देऊ नयेत, डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे वागावे. निरनिराळ्या देशांतील नोंदी एकत्र करून पाहता ह्या उपचाराशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण एक लक्ष खेपांमागे दोनाच्या आसपास आढळले आहे. शून्य नाही. पण अन्नपाणी सोडलेल्या साठीपुढच्या स्त्रीस घरी तशीच ठेवण्यातला धोका ह्याशेजारी मांडून पाहावा. नणंदबाईंनी तो मांडलेला दिसत नाही.

अशा उपाशी रुग्णाविषयी आणखी एक गोष्ट आहे. दिवसेंदिवस न जेवता, न हलता पडून राहिलेल्या माणसाच्या शरीरातील पाणी व क्षार बिघडलेले असतात. सक्सिनिलकोलीनने रक्तातील पोटॅशियम थोडे वाढते. निरोगी माणसात ते नगण्य, पण बराच काळ अंथरुणाला खिळलेल्या, मोठ्या प्रमाणात भाजलेल्या किंवा अर्धांगवायू झालेल्या माणसात ते एकाएकी इतके चढू शकते की हृदय बंद पडावे. म्हणून रक्ततपासणी, सलाईन आणि प्रसंगी दुसरे शिथिलक निवडणे आवश्यक ठरते. 'आज लगेच का देत नाहीत, उद्यावर का ढकलतात' म्हणून कावलेले नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. तो दिवस वाया गेलेला नसतो.

दोन गोष्टी मुद्दाम सांगावयाच्या, कारण त्या घरच्यांनी सांगितल्यावाचून डॉक्टरांस कळण्याचा मार्ग नसतो. सक्सिनिलकोलीन शरीरात ज्या द्रव्यामुळे विरघळून नाहीसे होते ते कोलिनेस्टरेज काही माणसांत जन्मतःच फार कमी असते. अशांचा श्वास चार-सहा मिनिटांत परतत नाही. तासनतास कृत्रिम श्वास द्यावा लागतो. दक्षिणेकडील, विशेषतः तेलंगण-आंध्रातील आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांहून अधिक आढळतो हे संशोधनाने सिद्ध झालेले आहे, आणि तिकडचे भूलतज्ज्ञ त्याविषयी आवर्जून विचारतात. तेव्हा जातीचा उल्लेख झाला म्हणून कोणी रागावू नये. कोणत्याही घराण्यात 'अमक्याला ऑपरेशननंतर फार वेळ श्वास आला नव्हता' अशी आठवण असेल तर ती किरकोळ न मानता सांगावी.

दुसरी गोष्ट सांगताना जीभ अडखळते. तीव्र खिन्नतेत काही रुग्णांनी शेतातले कीटकनाशक प्राशन केलेले असते आणि वाचविल्यानंतर त्यांस ह्या उपचारासाठी आणले जाते. बेळगाव-धारवाडकडच्या शेतकरी कुटुंबांत हे अपूर्व नाही. पुष्कळशी कीटकनाशके त्याच कोलिनेस्टरेजचा नाश करतात, आणि तो भरून येण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. ही माहिती भूलतज्ज्ञास असली तर तो दुसरे औषध योजतो, रोक्युरोनियमसारखे. नसली तर पेच. आणि घरचे लोक नेमकी हीच गोष्ट अब्रूसाठी लपवितात, 'चुकून औषध पोटात गेले' असेही म्हणत नाहीत. पोलिसांचे भय असेल तर ते आता निराधार आहे असे म्हणण्यास हरकत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरावयास सांगितले आहे. भूलतज्ज्ञाच्या कानात तरी खरे सांगावे.

सामान्यतः भूलतज्ज्ञ रुग्णालाच विचारतो, काय खाल्ले, कोणत्या गोळ्या चालू आहेत. येथे रुग्ण एक तर बोलत नाही, नाही तर सांगतो ते भरवशाचे नसते. ती जबाबदारी आपोआप घरच्यांवर येते. लिथियम चालू असेल तर सांगावे, त्याने शिथिलकाचा अंमल लांबू शकतो व नंतरचा गोंधळ वाढू शकतो. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या, दम्यासाठी थिओफिलीन, ह्यांपैकी काहीही असो, पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत. काढे आणि भस्मेसुद्धा.

उपासाविषयी तर आमची तक्रार जुनीच आहे. घन अन्न व दूध सहा तास आधी, तुपातेलाचे जड जेवण आठ तास आधी बंद. नुसते पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, असा आजचा प्रघात आहे. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, हे आपल्या आयाबहिणींच्या गळी उतरविणे कठीण. माणूस आधीच महिनाभर जेवलेला नाही, त्यातून पहाटे उठवून इस्पितळात न्यायचे, म्हणून प्रेमापोटी अर्धा कप चहा आणि एखादे बिस्किट पुढे केले जाते, नाही तर देवाचा प्रसाद म्हणून पेढ्याचा तुकडा. बेशुद्धीत पोटातले वर येऊन फुप्फुसात गेले तर त्या अर्ध्या कपाची किंमत फार मोठी होते. एवढे करूनही दिले गेलेच असेल तर तसे सांगावे. खेप दुसऱ्या दिवशी घेता येते. भ्रमिष्ट रुग्णावर न्हाणीघरातील नळापाशीही लक्ष ठेवावे लागते.

आदल्या दिवशी डोके धुवावे आणि तेल लावू नये. तेलकट कानशिलावर विजेच्या पट्ट्या नीट बसत नाहीत व कातडी भाजण्याचा संभव असतो. केसांतले चाप, आकडे काढावेत. नखांचा रंग पुसावा, नाही तर बोटाची चिमटी चुकीचे दाखविते. कवळी काढून डबीत ठेवावी व हलणारा दात असल्यास तो दाखवावा. ऐकण्याचे यंत्र शेवटच्या क्षणी काढावे, म्हणजे तोवर रुग्णाशी बोलता येते, आणि शुद्ध येताच पुन्हा बसवावे. लघवी करवून आणावे. मंगळसूत्र उतरविण्यावरून काही घरांत रडारड होते, म्हणून त्याविषयी परिचारिकेशी आधीच बोलून घ्यावे.

भूल साठत जाते का, हा तिसरा प्रश्न. उपचार साधारणतः आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण सहा ते बारा खेपा असा असतो. प्रत्येक खेपेची भूल पाच-दहा मिनिटांची आणि तिची औषधे पुढच्या खेपेपर्यंत शरीरात उरत नाहीत. विस्मरण होते ते मुख्यतः आकडीचे, भुलेचे नव्हे. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतील काही आठवणी पुसट होतात. बहुतेकांच्या बऱ्याचशा परततात, काहींच्या काही कायमच्या जातात. ही गोष्ट संमती घेतानाच सांगितली पाहिजे.

भुलेवाचून हा उपचार देणे आता कायद्याने बंद आहे. आपल्या देशात भूलतज्ज्ञ नाही, खर्च परवडत नाही, ह्या सबबीवर तो कित्येक वर्षे तसाच दिला जात होता. २००१ साली तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले, त्याच वर्षी भुलेविरहित झटक्यांचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पुढे वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या अधिनियमाने स्नायुशिथिलक व भूल ह्यांवाचून विद्युत्-उपचारास मनाई केली. अल्पवयीन मुलांस तो पालकांच्या संमतीने व मानसिक आरोग्य मंडळाच्या पूर्वपरवानगीनेच देता येतो, आणि तातडीचा उपचार ह्या नावाखाली कोणासही देता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यापासून हा कायदा अमलात आहे. तेव्हा 'भूलतज्ज्ञ कोण, ते स्वतः हजर असतील का, प्राणवायू व शोषणयंत्र खोलीत आहे का' असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांनी सुखावतो असाच आमचा अनुभव आहे.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांची अडचण येथून पुढे सुरू होते. संमतिपत्र हैदराबादेत तेलुगू वा इंग्रजीत, धारवाडास कानडीत, बडोद्यास गुजरातीत, ग्वाल्हेर-इंदुरास हिंदीत. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्या भाषा बोलत आलो. बाजारात, कचेरीत आपले काही अडत नाही. परंतु आजारी मन आपल्या पहिल्या भाषेकडे परतते. साठ वर्षे हैदराबादेत काढलेली बाई आजारात फक्त मराठीतच उत्तर देते, आणि परिचारिकेच्या लेखी ती 'प्रतिसाद देत नाही' असे लिहिले जाते. रुग्णास समजेल अशा सोप्या भाषेत माहिती दिली पाहिजे असे अधिनियमच सांगतो. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी घरच्या एखाद्याने त्यातील वाक्यन्‌वाक्य मराठीत रुग्णास सांगावे, ती ऐकत नाही असे वाटले तरीही. न बोलणारा रुग्ण ऐकत असतो, हे बरे झाल्यावर अनेकांनी सांगितले आहे. भुलेची संमती वेगळी घेतात, तीही वाचावी.

सूनबाईंनी शक्य झाल्यास शुद्धीवर येण्याच्या खोलीत आपणास बसू देतील का ते आधी विचारून घ्यावे. रुग्ण कुशीवर निजलेला असतो, नाकाशी प्राणवायू. पाच-दहा मिनिटांत डोळे उघडतात; पण आपण कोठे आहोत, वार कोणता, ही माणसे कोण, हे पंधरा-वीस मिनिटे, वृद्धांत कधी तासभरही, उमगत नाही. काही जण उठून पळू पाहतात, सलाईन उपटतात. अशा वेळी धरून ठेवणाऱ्या चार हातांपेक्षा ओळखीच्या आवाजाचा उपयोग अधिक होतो. सासूबाईंना ज्या नावाने घरात हाक मारतात त्याच नावाने हाक मारावी. 'आई, तुम्ही इस्पितळात आहात, उपचार झाला, मी इथेच आहे' एवढेच हळू सांगावे, आणि त्यांनी पुन्हा विचारले की पुन्हा सांगावे. ओळखा पाहू मी कोण, अशी परीक्षा घेऊ नये. चष्मा लावून द्यावा. डोके दुखते म्हणाल्या तर परिचारिकेस सांगावे, साध्या गोळीने ते राहते. पहिल्या खेपेनंतर अंग ठेचल्यासारखे दुखणे हे त्या शिथिलकाचे देणे, दुसऱ्या दिवशी कमी होते. त्या दिवशी कोणत्याही कागदावर त्यांची सही घेऊ नये, त्यांस एकट्या जिना उतरू देऊ नये. पूर्ण जाग आली, गिळता येते अशी खात्री झाली, की आधी दोन घोट पाणी, ते नीट गेले तर मग चहा. कवळी त्याआधी बसवावी.